बाजूचा आवाज : स्टिरिओ मिश्रणातील ‘मिड-साइड ईक्यू’ आणि भजनातील शब्द

कोल्हापूर परिसरातील भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे अलीकडे विपुल होऊ लागली आहेत. साधने स्वस्त झाली, मिश्रणाची सोय गावोगाव झाली, आणि आपले भजनही सिनेमातल्या गाण्यासारखे भरदार ऐकू यावे असे मंडळांना वाटू लागले. यात गैर काही नाही. परंतु ह्यांपैकी काही ध्वनिमुद्रणे बोलीच्या अभ्यासाची सामग्री म्हणून भाषाविभागांत येऊ लागली आहेत, आणि तेथे मात्र सावध राहणे भाग आहे. मिश्रण करणारा तंत्रज्ञ ज्या संकेतांनी चालतो ते संकेत आपण तपासून घेतलेले नसतात. हस्तलिखिताचा लेखनिक कोण, त्याच्या लकबी कोणत्या, याची चौकशी केल्यावाचून आपण पाठाला हात लावीत नाही. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र ‘जसे आहे तसे’ ते मिळाले आहे असे गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात अशा एका संकेताची चिकित्सा करावयाची आहे. ध्वनिमुद्रक मंडळी त्याला ‘मिड-साइड ईक्यू’ म्हणतात. ‘मिड’ व ‘साइड’ यांना मी ‘मध्य’ आणि ‘बाजू’ म्हणेन. ‘ईक्यू’ म्हणजे आवाजातील विशिष्ट कंपनसंख्यांचा पट्टा उंचावणे अथवा दाबणे. ह्या क्रियेस ‘समीकरण’ असेही म्हणतात, पण गणितातील समीकरणाशी घोटाळा होऊ नये म्हणून रूढ शब्दच ठेवतो.

हा विचार ज्या अनुभवातून सुरू झाला तो प्रथम सांगितला पाहिजे. गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील, कोल्हापूर शहरालगतचे गाव. तेथील एका भजनी मंडळाचे एका रात्रीचे भजन मी बोलीच्या नमुन्यांसाठी मुद्रित केले. देवळाच्या मंडपात बुवा वीणा घेऊन मधोमध उभे होते, पखवाज त्यांच्या शेजारी, आणि टाळकरी नेहमीप्रमाणे दोन ओळींत, दोन बाजूंना. डाव्या ओळीच्या टोकाला ज्यांना सारे गाव आण्णा म्हणत असे ते वयोवृद्ध टाळकरी होते. मला खरे काम आण्णांशी होते. बुवा छापील गाथेवरून बसविलेले अभंग म्हणत. आण्णांनी पोथी कधी हाती धरली नव्हती, त्यांचे सारे पाठांतर वडिलांच्या तोंडून आलेले. बुवांनी चरण म्हणावा आणि ओळीने तो उचलावा, या उचलण्यात आण्णांचे शब्द मधूनच छापील पाठाहून वेगळे पडत. इतरांच्या ते ध्यानी येत नसे. येत असले तरी कोणी अडवीत नसे.

मुद्रणाची योजना साधी होती. एकाच जागी दोन मायक्रोफोन : एक समोर बुवांकडे तोंड केलेला, आणि दुसरा आडवा, डावी-उजवीकडचे ऐकणारा व समोरचे न ऐकणारा. हीच ‘मध्य-बाजू’ पद्धती. आवाज स्वच्छ करून द्यावा म्हणून मूळ फाइली मी एका ध्वनिमुद्रणगृहाकडे सोपविल्या, आणि त्यांची प्रत स्वतःजवळ ठेवली नाही. हाच प्रमाद एखाद्या विद्यार्थ्याकडून घडता तर मी त्याला चार शब्द सुनावल्यावाचून राहिलो नसतो. तयार प्रत आली ती कानाला सुखद होती : रुंद, झळझळीत, टाळ दोन्हीकडे चमकणारे, बुवांचा आवाज मऊ. मंडळ खूश झाले. मूळ फाइली तेथे जागा करण्यासाठी पुसून टाकल्या गेल्या हे पुढे समजले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आण्णा वारले. कार्तिकात काकड आरतीच्या वेळी मंडळाने ते भजन देवळावरच्या कर्ण्यावर लावले. दोन-तीन दिवसांनी आण्णांचे पुतणे वाटेत भेटले. ते म्हणाले, “सर, सगळी ऐकू येत्यात, आमचं आण्णाच तेवढं ऐकू येईनात वो. काढून टाकलं का काय त्यास्नी?” मी घरी येऊन हेडफोन लावून ऐकले. आण्णा होते. डाव्या कानाशी, चांगले ठसठशीत. पुतण्यांना तसे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. माझ्या कानांवर त्यांचा विश्वास बसला नसावा. मग त्यांच्याबरोबर देवळात जाऊन कर्ण्यावर ऐकले, आणि त्यांचेच खरे ठरले. आण्णांच्या जागी एक पुसट गुणगुण आणि तिच्यावर टाळांचा किणकिणाट, एवढेच येत होते.

एकच प्रत, एकीकडे आण्णा आहेत आणि दुसरीकडे नाहीत. याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल. भाषेच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही.

स्टिरिओत दोन वाहिन्या असतात, डावी आणि उजवी. दोहोंची बेरीज करून निम्मी घेतली की ‘मध्य’ मिळतो; डावीतून उजवी वजा करून निम्मी घेतली की ‘बाजू’ मिळते. उलट, मध्यात बाजू मिळविली की डावी परत येते, आणि मध्यातून बाजू वजा केली की उजवी. आत काही बदल न केल्यास हे जाणे-येणे बिनतोटा होते. ईक्यूवाल्याचे काम ह्या मधल्या टप्प्यावर चालते : तो मध्याला एक वळण देतो, बाजूला दुसरे, आणि मग पुन्हा डावी-उजवी बांधतो. आता देवळावरचा कर्णा, खिशातल्या मोबाइलचा एकच भोंगा किंवा ट्रॅक्टरवरचा एकुलता स्पीकर घ्या. तेथे डावी-उजवीची बेरीज होऊन एकच आवाज निघतो. मध्य अधिक बाजू, आणि त्यात मध्य उणे बाजू मिळविली, की उरतो केवळ दुप्पट मध्य. बाजू संपूर्ण नाहीशी होते. ती कमी होते किंवा दबते असे नव्हे, शून्य होते. म्हणजे बाजूवर केलेला कोणताही संस्कार, मग तो कितीही नाजूक वा कितीही भडक असो, एकत्रित ऐकणाऱ्याच्या दृष्टीने झालेलाच नसतो. आणि मध्यावर केलेला प्रत्येक संस्कार मात्र त्याला पुरेपूर भोगावा लागतो. (देवळातील जोडणीत दोहोंपैकी डावीच तार लावली असती, तर आण्णा कदाचित् बुवांच्या बरोबरीने गाजले असते आणि उजवी ओळ अंतर्धान पावली असती. तो वेगळा अपघात.)

आण्णा मध्यात मुळीच नव्हते असे मात्र नाही. समोर तोंड केलेला नेहमीचा हृदयाकृती मायक्रोफोन काटकोनातून आलेला आवाजही ऐकतोच, फक्त समोरच्याच्या निम्म्याने, म्हणजे ६ डेसिबलने कमी. हे निमपट आण्णा कर्ण्यापर्यंत पोचावयास हरकत नव्हती. परंतु बुवांचा आवाज किंचित् कर्कश वाटला म्हणून तंत्रज्ञाने मध्याचा सुमारे २५०० ते ४५०० हर्ट्झचा पट्टा दाबला होता, आणि त्यामुळे गेलेली झळाळी भरून काढण्यासाठी बाजूचा ८००० हर्ट्झवरचा भाग उंचावला होता. त्याने स्टिरिओत ऐकले, समतोल बरा वाटला, काम संपले. बुवा मायक्रोफोनच्या समोर होते, ते दाबूनही कळत राहिले. आण्णांची मात्र दोन्हीकडून कोंडी झाली : मध्यात त्यांची व्यंजने दबली, आणि बाजूला जी भरपाई झाली ती कर्ण्यावर पोचलीच नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो तंत्रज्ञांत आणि अभ्यासकांत सारखाच प्रचलित आहे. ‘मध्य’ म्हणजे मधोमध उभा असलेला गायक आणि ‘बाजू’ म्हणजे कडेची साथ, असे समजले जाते. वस्तुतः मध्य ही जागा नव्हे, ती एक बेरीज आहे. पूर्णपणे डावीकडे असलेला आवाज घ्या : डावीत १०, उजवीत ०. त्याचा मध्य ५ आणि बाजूही ५. म्हणजे तो दोहोंत सारखाच वाटला गेला. आता बाजू दुप्पट केली तर डावीत १५ होतात आणि उजवीत उणे ५. जो माणूस उजवीकडे कधी नव्हता त्याची उलट्या कलेतील छाया तेथे उमटते. कानाला याची जाणीव ‘रुंदी’ म्हणून होते आणि ती आवडते. पण ज्याला कोण कोठे उभे होते हे जाणून घ्यावयाचे आहे, कोणत्या ओळीने कोणता शब्द उचलला हे टिपावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ही खोटी साक्ष होय.

ह्या तंत्राचा इतिहास पाहू जाता एक मौजेची गोष्ट आढळते. अ‍ॅलन ब्लमलाइन ह्या इंग्रज अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये ज्या एकस्वासाठी अर्ज केला, त्यातच बेरीज-वजाबाकीची ही युक्ती आहे, आणि वजाबाकीच्या संकेतावर कंपनसंख्येनुसार वेगवेगळा संस्कार करण्याची योजनाही आहे. म्हणजे मिड-साइड ईक्यूची कल्पना स्टिरिओइतकीच जुनी. परंतु तिचा हेतू काय होता? सिनेमाच्या पडद्यावर माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि त्याचे बोलणे मात्र एकाच जागेहून येत राहते, ही विसंगती त्याला घालवावयाची होती. १९३५ साली त्याने केलेल्या एका चाचणीपटात माणसे चालतात आणि बोलतात, एवढेच घडते. ‘बोलणारा कोठे आहे’ हे कळावे म्हणून ज्या साधनाचा जन्म झाला, ते आज ‘सारे कसे ऐसपैस वाटते’ यासाठी वापरले जाते. साधनांचे असे धर्मांतर नवे नाही; शब्दांच्या अर्थांतरांचा अभ्यास करणाऱ्याला तर त्याचे आश्चर्य वाटू नये.

त्या पिढीच्या अभियंत्यांनी आणखी एक मर्यादा पाळली होती. १९५८ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रिकेत सुईची आडवी हालचाल बेरजेची आणि उभी हालचाल वजाबाकीची असते. अमेरिकेत १९६१ साली मान्य झालेल्या एफ. एम. स्टिरिओ प्रक्षेपणातही मूळ लहरीवर बेरीज जाते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपलहरीवर स्वतंत्र बसविलेली असते. दोन्ही ठिकाणी विचार एकच : ज्याच्याजवळ जुने, एकवाहिनी यंत्र आहे त्यालाही पुरे ऐकू आले पाहिजे. मध्य हा एकट्याने उभा राहण्याजोगा असावा, ही त्या रचनेची अटच होती. आजचा तंत्रज्ञ मध्याला ‘उरलेल्यांपैकी एक’ समजतो तेव्हा तो ही अट मोडीत असतो, आणि ती होती हेही त्याला बहुधा ठाऊक नसते.

आणि आपल्याकडे एकवाहिनी श्रोता हा काही जुनापुराणा अपवाद नव्हे. दक्षिण महाराष्ट्राचे कान आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर घडले. सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण एकवाहिनीच होते. आज रेडिओ मागे पडला तरी भजन ऐकण्याची जागा बदललेली नाही : देऊळ, मांडव, जत्रा, उसाच्या फडाकडे जाणारी गाडी. स्टिरिओत ऐकणारा तो मिश्रण करणारा. ज्यांचे भजन ते मध्यातच ऐकतात.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. मिड-साइड ईक्यूच्या मागे एक न बोललेला सिद्धान्त आहे : अर्थ मध्यात असतो, बाजूला वातावरण असते. शब्द, खर्ज आणि ठेका मध्ये. साज, घुमारा आणि कोरस कडेला. म्हणून कोरसला ‘जागा करून देण्यासाठी’ नव्हे, तर कोरसने मुख्य गायकाला जागा द्यावी यासाठी, बाजूचा १००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा दाबावा, हा उपदेश सर्रास केला जातो. हा सिद्धान्त पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्याच्या एका विशिष्ट काळातील रीतीवरून आलेला आहे, निसर्गनियमावरून नव्हे. खुद्द त्या परंपरेतही तो आरंभी नव्हता. बीटल्सच्या १९६५ च्या ‘रबर सोल’ संग्रहाची स्टिरिओ आवृत्ती ऐकावी, तेथे गाणे बहुतांशी एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला सापडतील.

भजनाला हा सिद्धान्त मुळातच लागू पडत नाही. भजनातील शब्द एकाच्या मालकीचा नसतो. बुवा तो सोडतात, ओळी तो झेलतात, कधी पुरा करतात, कधी फिरवून परत देतात. पोवाड्यातील झीलकरी शाहिराच्या ओळीचा शेवट उचलतात. धनगरी ओवीत म्होरक्याने टाकलेल्या चरणाचे शेपूट साथीदार धरतात. दरवर्षी पट्टणकोडोलीच्या जत्रेत ढोलांच्या गजरात हे ज्याने ऐकले असेल त्याला कोरस म्हणजे पार्श्वभूमी असे म्हणण्याचे धाडस होणार नाही. ह्या साऱ्या प्रकारांत संहिता विभागलेली असते. आणि मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला हा विभाग विशेष मोलाचा, कारण मुख्य गायक हा बहुधा शिकलेला, छापील पुस्तकाशी परिचित; जुना पाठ, जुना उच्चार, बोलीचे वळण हे टिकते ते मागे उभ्या राहणाऱ्यांत. पुढच्याच्या पाठाला प्रतिष्ठा असते, मागच्याच्या पाठाला वय असते. तेव्हा ‘बाजूला वातावरण’ असे म्हणून बाजू दाबणे म्हणजे समासातील पाठभेद खरवडून हस्तलिखित देखणे करण्यासारखे आहे.

कोल्हापूरच्या भूमीत हे सांगताना एक जुनी आठवण होते. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट कोल्हापूरला तयार झाला आणि १९३२ साली प्रकाशित झाला. पार्श्वगायनाची रीत तेव्हा रूढ झालेली नव्हती. अभिनय, गाणे आणि साथ एकाच वेळी मुद्रित होत. एकच वाहिनी, रुंदी मुळीच नाही. परंतु जवळ-दूर होते. कोण मायक्रोफोनपाशी आहे आणि कोण मागे आहे हे कळे, आणि मागचाही आपल्या ठिकाणाहून बोलत असे. खोली ही एका वाहिनीतही टिकते. रुंदी टिकत नाही. मिश्रणगृहात बसून माणसांना ‘पसरविताना’ हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने नुकसान नेमके कोठे होते, हे थोडे तपशिलाने पाहू. स्वरांची ओळख ज्या पहिल्या दोन अनुनादांवर अवलंबून असते ते ढोबळमानाने ३०० ते २५०० हर्ट्झच्या आत येतात. ते बहुधा वाचतात. म्हणूनच कर्ण्यावर आण्णांची ‘गुणगुण’ ऐकू आली. मूर्धन्य वर्णांची खूण म्हणजे तिसरा अनुनाद खाली उतरणे. ट आणि त, ळ आणि ल यांतील भेद ज्या पट्ट्यात कानाला सापडतो तो साधारणतः २००० ते ३००० हर्ट्झचा आहे. ‘कर्कशपणा’ घालविण्यासाठी हाच पट्टा प्रथम कापला जातो. कोल्हापूरकडील ग्रामीण बोलीत ण पुष्कळदा न होतो, ळ मात्र ठाम असतो. तेव्हा ह्या पट्ट्याला लागलेला धक्का म्हणजे बोलीच्या एका ठळक लक्षणाला लागलेला धक्का. म्ह, न्ह, व्ह ह्या महाप्राण ध्वनींतील श्वासाचा अंश तर इतका अशक्त असतो की टाळांच्या एका ठोक्याखाली तो बुडून जातो. ‘न्हाई’ म्हटले की ‘नाई’, हे मग ऐकणाऱ्याच्या अंदाजावर राहते.

पण सर्वांत नाजूक जागा आहे ती दंत्य आणि तालव्य अशा दुहेरी च-ज-झ वर्णांची. मराठीची ही खासियत सर्वपरिचित आहे. ‘जग’ म्हणजे विश्व, येथे ज तालव्य. ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, येथे ज दंत्य. ‘चार’ ही संख्या, आणि ‘गाईला चार’ मधला चार. लेखनात दोहोंना एकच अक्षर. अर्थात् छापील वा लिखित संहितेवरून हा भेद कधीच सिद्ध करता येत नाही. तो फक्त उच्चारात असतो आणि म्हणून फक्त ध्वनिमुद्रणात उरतो. घर्षणाचा जोर तालव्यात खालच्या भागात, सुमारे ३००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. दंत्यात तो वर, ५००० हर्ट्झच्या पुढे सरकतो. मध्याचा ३५०० च्या आसपासचा पट्टा दाबून बाजूचा ८००० वरचा भाग उंचावला, म्हणजे तालव्य ज दंत्याकडे झुकविला आणि त्याच वेळी टाळांचा किणकिणाट त्याच्यावर लोटला. उच्चार बदलला तो बोलणाऱ्याने नव्हे, तर ईक्यूने. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ ह्या काळात ज्या ग्रामोफोन ध्वनिमुद्रिका तयार झाल्या, त्यांतील जुन्या कर्ण्याच्या पद्धतीच्या मुद्रणात वरचे घर्षण फारसे येतच नाही, हे सर्व अभ्यासक जाणतात आणि त्या बेताने निष्कर्ष काढतात. तेथील उणीव उघड आहे. आजच्या चकचकीत प्रतीतील उणीव मात्र समृद्धीचे सोंग घेऊन येते, हा तिचा विशेष धोका.

ईक्यूच्या जातीविषयीही दोन शब्द लिहावे लागतील. नेहमीच्या ईक्यूने पट्टा उचलला वा दाबला की त्या परिसरात कलाही सरकते. दोन्ही वाहिन्यांना सारखाच ईक्यू असेल तर हे सरकणे निरुपद्रवी. मध्याला एक आणि बाजूला दुसरा असेल तर दोहोंचा मेळ बिघडून माणसाची जागा धूसर होते. यावर उपाय म्हणून ‘लिनिअर फेज’ ईक्यू सुचविला जातो. त्यात कला सांभाळली जाते, परंतु तीव्र आघाताच्या आधी क्षणभर एक पूर्वकंप उमटतो. संगीतात तो सहसा खपून जातो. मात्र स्फोटक व्यंजनाच्या आधीची शांतता आणि घोषारंभाचा काळ मोजणाऱ्या विद्यार्थ्याने अशी प्रत घेतली, तर जेथे मुखात पूर्ण अवरोध होता तेथे त्याला खोटी कंपने दिसतील. हे मी कल्पनेने लिहीत नाही. माझ्या पाहण्यातील एका प्रबंधाच्या आलेखांत अशी कंपने ‘पूर्वघोष’ म्हणून नोंदविलेली होती.

एवढ्यावरून हे तंत्र टाकाऊ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. हाती केवळ दोन वाहिन्यांची तयार प्रत असेल, वेगवेगळे मायक्रोफोन वेगवेगळे उपलब्ध नसतील, तेव्हा मिड-साइड ईक्यूसारखे उपयुक्त हत्यार नाही. दोन्ही कडांना टाळ असलेल्या एका जुन्या मुद्रणात बाजूचा ६००० हर्ट्झवरचा भाग थोडा उतरविल्याबरोबर बुवांचे शब्द वर आलेले मी ऐकले आहेत. पखवाजाचा खालचा भाग डळमळत असेल तर बाजूचा सुमारे १०० हर्ट्झखालील भाग काढून तो स्थिर करता येतो; ध्वनिमुद्रिका कापणाऱ्यांनी सुई उडू नये म्हणून हेच पूर्वीपासून केले. अर्थात् येथेही मतभेदाला जागा आहे. डेव्हिड ग्रीसिंगर यांनी १९८६ साली नेमकी उलट बाजू मांडली होती : एकस्थानी मायक्रोफोनच्या मुद्रणात बाजूचा खालचा भाग वाढविला तर सभागृहाचा भरीवपणा परत येतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या ठिकाणी बरोबर आहे. पहिला वाद्याचा विचार करतो, दुसरा वास्तूचा.

माझा विरोध आहे तो मिश्रणाच्या वेळी, प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे हाताशी असतानाही, हे तंत्र सवयीने वापरण्याला. बुवांचा आवाज कर्कश आहे? मग बुवांच्याच वाहिनीवर ईक्यू करावा. टाळ फार झाले? टाळांचा मायक्रोफोन उतरवावा. मध्यावर हात घालणे म्हणजे एका टाळकऱ्याला खोकला झाला म्हणून साऱ्या दिंडीला काढा पाजणे. आणि गडमुडशिंगीच्या त्या रात्रीच्या बाबतीत मूळ चूक माझीच होती, हे मान्य केले पाहिजे. दोन ओळींसमोर दोन साधे मायक्रोफोन वेगळे ठेवले असते तर ही बेरीज-वजाबाकी करण्याची पाळीच आली नसती. मध्य-बाजू मुद्रण सुटसुटीत, एकाच स्टँडवर मावणारे, म्हणून मी ते निवडले. ज्या माणसासाठी गेलो होतो त्याला मी स्वतःच ‘बाजू’त उभा केला होता.

तयार प्रतीवरून काय परत मिळविता येईल, याचा प्रयत्न मी केला. सिद्धान्ततः मध्य आणि बाजू पुन्हा वेगळे करून उलटे ईक्यू दिले की मूळ रूप यावे. तंत्रज्ञाने आठवणीने आकडे सांगितले, त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. परंतु माझ्याकडे आलेली प्रत एमपीथ्री होती. ह्या संकोचनपद्धतीत जागा वाचविण्यासाठी ‘जॉइंट स्टिरिओ’ची योजना असते, तीही मध्य-बाजूवरच चालते, आणि जागा अपुरी पडली की बाजूच्या वाट्याला कमी येते. बाजू दुय्यम हा समज येथे यंत्राच्याही अंगवळणी पडला आहे. त्यामुळे जे उंचावले होते ते उतरविता आले. जे टाकून दिले होते ते परत येणार कोठून? बऱ्याच चरणांत आण्णांचे शब्द आता डाव्या वाहिनीवर वाचता येतात, म्हणजे कानाने वाचता येतात. तीन ठिकाणी छापील पाठाहून भिन्न रूपे निःसंशय मिळाली आणि ती मी नोंदविली आहेत.

एक जागा मात्र राहिली. त्या रात्री माझ्या टिपणवहीत एका चरणापुढे मी ‘जगा — दंत्य?’ असे घाईने लिहून ठेवले होते. बुवांनी तेथे तालव्य ज म्हटला, म्हणजे ‘जगाला’ ह्या अर्थाचे जुने चतुर्थीचे रूप. आण्णांनी दंत्य म्हटला असे मला वाटले, म्हणजे ‘जगा’ ही आज्ञा. तसे असेल तर त्या चरणाचा अन्वयच फिरतो आणि तो पाठ छापील गाथेपेक्षा स्वतंत्र परंपरेतला ठरण्याचा संभव आहे. मुद्रणावरून खात्री करून घेऊ, अशा विचाराने मी त्या वेळी आण्णांना विचारले नाही. आता प्रतीत तो शब्द सापडतो, पण त्याच मात्रेवर टाळाचा ठोका आहे, आणि ज चे घर्षण आणि काशाचा नाद यांतून एकच शुभ्र रेघ आलेखावर उमटते. पुतण्यांना तो भाग मी हेडफोनवर ऐकविला. आवाज आण्णांचाच, असे ते लगेच म्हणाले. ‘जगा’ कसे म्हटले आहे, हे विचारल्यावर त्यांनी दोनदा ऐकले आणि दोन्ही वेळा वेगळे सांगितले.